पेट्या रिकाम्या कोणी केल्या

४ फेब्रुवारी

चि. ठमे,

तुझं पत्र बसच्या ड्रायव्हरने वखारीत आणून दिलं. दीड वर्षाने तुझं अक्षर पाहिलं. पत्र लहान आहे. रस्त्यात स्फोट होऊन गाडी उडाली, जावईबापूंचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला, ते शुद्धीवर आहेत, त्यांच्याबरोबरचे दोघे गेले, आणि मग एकदम लग्नात मी पाठवलेलं कपाट.

तू लिहितेस की इस्पितळात न्यायला कपाटातून त्यांचे कपडे काढताना खालचा कप्पा पुरा बाहेर आला आणि मागच्या फळीवर काळ्या शाईचे ठसे दिसले. आकडे आणि दोन अक्षरं. ते तू कागदावर उतरवून त्यांना दाखवलेस आणि त्यांनी ओळखले. आता तुला हवं आहे ते इतकंच, की ती फळी दारूगोळ्याच्या कोठारातल्या पेटीची आहे का, आणि असेल तर पेट्या रिकाम्या कोणी केल्या.

आधी पायाचं. इस्पितळातल्या कुबड्या घेऊ नका. त्यांचा वरचा दांडा काखेत रुततो आणि माणूस चालायचा कंटाळा करतो. मी पाठवते. उंची कळवायची गरज नाही. एकदाच आले तेव्हा आपल्या दारात त्यांना मान वाकवावी लागली होती, तेवढ्यावरून मला माप काढता येईल.

खाटेची उंचीही पाहा. फार खाली नको.

फळीचं म्हणशील तर ती बाजारातली. सैन्य आलं आणि सरकार पळालं, त्यानंतर बाजारात काय विकायला नव्हतं? कुणी दवाखान्याचे पलंग मांडून बसलं होतं, कुणी शाळेची घंटा. फळ्या चांगल्या होत्या, घेतल्या. तू कुठून आलीस म्हणून प्रत्येक फळीला विचारत बसले तर वखारीला कुलूप लावावं लागेल.

आणि कोठाराबद्दल तुझ्या हवालदार नवऱ्याने मला विचारावं याचं नवल वाटलं. त्या वेळी ते हवालदार नव्हते, शिपाई होते, आणि कोठाराच्या फाटकावर पहारा त्यांचा होता. बंदूक खंदकात टाकून, कुणाचा तरी शर्ट अंगात चढवून, मागच्या शेतातून घरी कोण आलं? हे मी तुझं लग्न ठरलं तेव्हा बोलले, आणि त्यावरूनच तू गेलीस. मला ते पुन्हा उकरायचं नव्हतं. तू उकरलंस.

अंग चोरून काम करू नकोस असं तुला लहानपणी सांगायचे, आता उलट सांगते. इस्पितळात उभं राहून राहून स्वतःचे पाय सुजवून घेऊ नकोस.

आई

ता. क. आपल्या वखारीतल्या मिस्त्रीच्या घराची झडती झाली म्हणे. त्याच्याकडे काय असणार.

१३ फेब्रुवारी

ठमे,

तुझं उत्तर आलं. पेटीला उचलायला दोरीच्या कड्या असतात, त्यासाठी फळीला दोन भोकं पाडलेली असतात, आणि कपाटाच्या फळीतली भोकं गुट्ट्या ठोकून बुजवलेली आहेत. गुट्टीच्या रेषा फळीच्या रेषांशी जुळवल्या आहेत. असं काम करणारा माणूस तू एकच पाहिला आहेस, लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून. तो आता तुमच्याच शहरात कोठडीत आहे.

मान्य. सुताराच्या मुलीला लाकडाबद्दल थाप मारू नये.

तर ऐक. कोठारांची दारं आपण केली.

सैन्य आल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. तू तेव्हा मामाकडे होतीस. एक परदेशी कॅप्टन वखारीत आला. वय तुझ्यापेक्षा फार जास्त नसेल, नाकाची साल निघालेली. बरोबर दुभाष्या. दुभाष्या आपल्याच गावातला, पूर्वी सिनेमाच्या दारात तिकिटं फाडायचा तो. कॅप्टन बोलायचा आणि हा टाय सारखा करायचा.

कोठारांची लोखंडी दारं पहिल्याच आठवड्यात भंगारवाल्यांनी उचलून नेली होती. आठ कोठारं, अर्धी जमिनीत गाडलेली, सगळी सताड उघडी. आत तोफगोळे भरलेल्या पेट्या छतापर्यंत. कॅप्टनच्या तुकडीला राजधानीकडे निघायचा हुकूम आला होता. त्याआधी त्याला आठ दारं हवी होती.

मी विचारलं, "आणि पहाऱ्याला कोण?"

दुभाष्याने विचारून सांगितलं, "साहेब म्हणतात, माणसं नाहीत. दारं झाली की मोहोर लावून कोठारं बंद झाली असं वर कळवता येईल."

"कळवता येईल. पण बंद होतील का?"

हे त्याने कॅप्टनला सांगितलं नाही. मला म्हणाला, "काकू, काम घ्यायचं तर घ्या. नाहीतर पलीकडच्या गावात विचारतो."

मिस्त्री रंधा मारत होता. तो न थांबता म्हणाला, "दार आहे म्हणून पहारा नको, आणि पहारा नाही म्हणून दार हवं. भारी हिशेब आहे."

मी काम घेतलं. सहा महिने वखारीत कुणी पाय ठेवला नव्हता. तुझ्या बाबांच्या मागे मी हे दुकान चालवते आहे ते बंद पाडण्यासाठी नव्हे.

आता चूक सांगते. बिजागऱ्या आम्ही बाहेरून लावल्या. दाराची बिजागरी बाहेर असली की कुलूप कितीही मोठं असो, उपयोग नाही. एक खिळा आणि हातोडी पुरे. बिजागरीची सळई खालून ठोकायची, ती वर निघते, आणि दार कुलपासकट बाजूला ठेवता येतं. हे शिकाऊ पोरालाही माहीत असतं. आतून लावायच्या तर माणसांना आत उभं राहून चौकटीत ठोकाठोक करावी लागली असती, गोळ्यांच्या शेजारी. कुणी तयार होईना. कॅप्टनच्या गाड्या निघायला टेकल्या होत्या. मी म्हटलं, बाहेरून लावा.

कॅप्टनने दारांवर मोहोरेचे कागद चिकटवले आणि प्रत्येकाचा फोटो काढला. फोटोत दारं चांगली आली असणार.

झालं हे असं. बिजागऱ्यांची जबाबदारी माझी. मिस्त्रीला धरणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. त्याच्या घरात पेट्यांच्या फळ्यांचं कोंबड्यांचं खुराडं सापडलं, एवढाच त्याचा गुन्हा. सोडतील.

सगळं सांगितलं. कुबड्या सोबत पाठवल्या आहेत. खालच्या टोकांना रबर बसवलं आहे, गुळगुळीत फरशीवर घसरणार नाहीत.

आई

२० फेब्रुवारी

ठमे,

कुबड्या परत आल्या. मापात चूक झाली असेल म्हणून पुन्हा मोजून पाहिल्या. चूक नव्हती.

बरोबर चिठ्ठी होती. एकच ओळ. 'पेट्या रिकाम्या कोणी केल्या हे मी विचारलं होतं.'

तुझे बाबा म्हणायचे, ही पोरगी वकील व्हायची. झाली नाही ते माझ्या नशिबाने.

मिस्त्रीण रोज सकाळी येते. करवतीजवळच्या ओंडक्यावर बसते, पदर घट्ट लपेटून. पूर्वी येऊन बसली की दहा घरच्या दहा गोष्टी सांगायची, मला काम सुचू द्यायची नाही. आता भुशात बोटाने रेघा ओढते. काल मी म्हटलं, "घरी जा, काही कळलं की निरोप पाठवते."

"ते तिथे तोंड उघडत नाहीत म्हणे," ती म्हणाली.

"काय उघडायचं? केलंच नाही काही त्याने."

"काही विचारलं की एकच म्हणतात. वहिनींना विचारा."

"मग मला विचारायला कुणी आलं नाही अजून."

तिने भुशातल्या रेघा हाताने पुसल्या. मग म्हणाली, "कुणी विचारायला आलं तरच सांगणार का तुम्ही?"

मी तिला चहा घेणार का म्हणून विचारलं. ती म्हणाली, "चहा काय, रोजचाच आहे." आणि गेली. आज आली नाही. ओंडका रिकामा आहे. ती यायची तेव्हा मला तिचा त्रास व्हायचा. आता तिकडे पाठ करून काम करते.

तुम्हा दोघांची जेवणाखाण्याची सोय काय आहे ते कळव.

आई

२ मार्च

ठमे,

दहा दिवस पत्र घातलं नाही. दोन लिहून फाडली. दोन्हींत बिजागऱ्यांबद्दलच जास्त होतं. बिजागऱ्यांची चूक सांगायला मला जड जात नाही असं लक्षात आलं. कारागिराची चूक आहे ती, घाईत होते. चारचौघांत सांगता येते. म्हणून मी ती तुझ्यापुढे केली, की तू तिथेच थांबावंस.

तू थांबली नाहीस.

दारं करायला लाकूड नव्हतं. लाकडाचा अड्डा पहिल्याच हल्ल्यात जळला होता, आपल्या वखारीत आठ दारं होतील एवढी फळी नव्हती. मी आणि मिस्त्री कोठारावर मापं घ्यायला गेलो. आत अंधार, गारवा, आणि तेलाचा आणि ताज्या लाकडाचा वास. कितीतरी महिन्यांनी मी एवढं लाकूड एका जागी पाहिलं. पांढरं, हलकं, बिनगाठीचं, एका जाडीचं. सगळ्या फळ्या एका मापाच्या. सुताराला असं लाकूड दिसलं की बाकीचं दिसत नाही. मला दिसलं नाही म्हणजे काय, ते गोळे आहेत हे माहीत होतं. पण मी पाहत होते लाकूड.

मी म्हटलं, "मिस्त्री, लाकूड इथेच आहे की."

त्याला लगेच कळलं. तो म्हणाला, "वहिनी, हे नको."

"का?"

"लोकांनी दारं नेली. दिव्यांच्या तारा नेल्या. आणि गोळे का नाही नेले?"

"भीतीने."

"भीती कसली. भीती असती तर दारं काढायला आले असते का इथे?" त्याने एका पेटीची दोरी धरून ओढली. पेटी हलली नाही. "ही उचलायला दोन धट्टेकट्टे लागतात, आणि ठेवायला गाडी. गाडी आली की आवाज होतो, चार लोक बघतात. पेटीत आहेत तोवर बसून आहेत. बाहेर काढला तर एकेक गोळा एकेक माणूस नेईल. सायकलच्या कॅरियरवर घोंगडीत गुंडाळून नेला तर कोण विचारतंय?"

"पण दार असेल ना पुढे."

"दार," तो म्हणाला. आणि पेटीची दोरी सोडली.

ठमे, हा तो क्षण. याच्याआधी मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकते. याच्यानंतर म्हणू शकत नाही. त्याने मला समोर उभं करून, पेटी हलवून दाखवून सांगितलं होतं.

मी म्हटलं, "दुसरं लाकूड कुठून आणतोस ते सांग, आणि नसेल तर माणसं बोलाव."

तो कामाला होता आणि मी मालकीण होते. त्याने माणसं बोलावली.

चार दिवस माणसं पेट्या उघडत होती. गोळे काढून भिंतीला लागून ओळीने ठेवले. नीट ठेवले, एकावर एक येणार नाहीत असे, खाली फळीचे तुकडे देऊन गडगडणार नाहीत असे. माणसं चेष्टा करत होती. एकजण म्हणाला, "बाळांना दुपट्यावर निजवल्यासारखं निजवतोय आपण." मी हसले. कॅप्टन एकदा आत येऊन पाहून गेला. त्यालाही ते आवडलं असावं. ओळीत लावलेली वस्तू सांभाळलेली दिसते. तो दुभाष्यामार्फत म्हणाला, आता मोजायला सोपं.

न्यायलाही.

लाकूड दारांना पुरून भरपूर उरलं. फळ्यांची चळत घरी आणली. माणसांनीही नेली, मिस्त्रीचं खुराडं त्यातलंच. माझ्या डोक्यात तेव्हा हेच होतं, की एवढं लाकूड फुकट मिळालं. पुढे तुझ्या लग्नाला मी आले नाही आणि कपाट पाठवलं. घरातलं सगळ्यात चांगलं लाकूड वापरलं. ठसे रंधून काढले. कप्प्यामागची फळी कोण बघणार म्हणून तशीच ठेवली.

हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे. पेट्या मी रिकाम्या करवल्या.

मी परवाच्या बसने तिकडे येते. चौकशी अधिकाऱ्याकडे जाईन. तुझ्याकडे उतरणार नाही. स्टेशनाजवळ धर्मशाळेसारखं काहीतरी आहे असं ड्रायव्हर सांगतो.

आई

९ मार्च
इस्पितळ, खालचा व्हरांडा

ठमे,

हे पत्र वरच्या नर्सकडे देणार आहे. तू दुपारी चारला येतेस असं तिने सांगितलं.

तोंडाने सांगणार होते. पण माझा मला भरवसा नाही. तू समोर उभी राहिलीस की मी पुन्हा बिजागऱ्यांपासून सुरुवात करीन. म्हणून लिहिते, आणि मग इथेच बसते.

चौकशी अधिकाऱ्याची भेट तीन-चार दिवस खेटे घातल्यावर काल मिळाली. मोठी खोली, त्यात एक टेबल, आणि भिंतीवर जुन्या तसबिरीची फिकट चौकोनी जागा. अधिकारी तरुण, सर्दीने बेजार. त्याची खुर्ची एका पायावर डगमगत होती आणि तो मधूनमधून खाली वाकून पायाखालची कागदाची घडी सरकवत होता. मी आपलं नाव, काम सांगितलं. तो म्हणाला, "सुतारकाम? मग या खुर्चीला काय झालंय सांगा बरं."

मी म्हटलं, "आडवी पट्टी सुटली आहे. ते राहू दे. मी कोठाराच्या दारांबद्दल सांगायला आले."

त्याने ऐकलं. बिजागऱ्या, पेट्या, सगळं. अर्ध्यात नाक शिंकरलं. मग म्हणाला, "आजी, दारांचं काय घेऊन बसलात? अशी कोठारं गावोगाव आहेत. बाहेरच्या सैन्याला कुठे काय आहे ते आमच्याच जुन्या साहेबांनी बोट ठेवून दाखवलं होतं. माणसं ठेवा म्हणून विनवलं होतं. त्यांची माणसं गेली पळालेल्या पुढाऱ्यांना पकडायला, मोठमोठे वाडे धुंडाळत. तुमची दारं लोखंडाची असती, बिजागऱ्या आतून असत्या, तरी वर्षभर तिथे काळं कुत्रं नव्हतं. वर्षभरात लोकांनी भिंत फोडून नेलं असतं."

"ते त्यांचं झालं. माझं लिहून घ्या."

"काय लिहू?"

"पेट्या मी रिकाम्या करवल्या. मिस्त्रीने नको म्हटलं होतं."

"लिहून फरक काय पडणार?"

"तो सुटेल."

"तो असाही सुटणारच आहे. त्या फळ्या निम्म्या जिल्ह्याच्या घरात आहेत. सगळ्यांना आत टाकलं तर कोठडीला पहारा कोण देईल?"

तो थट्टा करत होता असं मला वाटत नाही. त्याने लिहून घेतलं, मला सही करायला लावली, आणि कागद इतर कागदांच्या ढिगावर ठेवला. मी निघाले तर म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका."

ठमे, बाहेर आल्यावर पायऱ्यांवर मला हलकं वाटलं. हे तुला सांगितलं पाहिजे. एका सरकारी माणसाने सांगितलं की सैन्य चुकलं, त्यांचे साहेब चुकले, तू कोण. आणि मी लगेच मनातल्या मनात तुला पत्र लिहायला घेतलं, की बघ, तेही म्हणतात. रस्ता ओलांडेपर्यंत अर्धं झालं होतं.

मिस्त्री आज सकाळी सुटला. मी कोठडीबाहेर उभी होते. वाळला आहे. मी म्हटलं, "चल, बसची वेळ झाली आहे." तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही व्हा पुढे." मग थोड्या वेळाने म्हणाला, "मी आता दुसरीकडे काम बघतो." राग नव्हता आवाजात. असता तर मला काही बोलता आलं असतं. तुझ्या बाबांनी त्याला हातात पटाशी धरायला शिकवलं. मी त्याला कोठडी दाखवली, आणि तिथे महिनाभर त्याने माझं नाव राखलं. वहिनींना विचारा एवढंच म्हणाला. माझं उत्तर मीच द्यावं म्हणून.

त्यानंतर इथे आले. तू नव्हतीस. वरच्या खोलीत जावईबापू खिडकीकडे तोंड करून पडले होते. मला पाहून म्हणाले, "या सासूबाई. उठून उभा राहिलो असतो."

मी स्टुलावर बसले. सगळं सांगितलं. तुला लिहिलं तेवढं, आणि तुला लिहिलं नाही तेही. ते आता लिहिते.

दारं लावून कॅप्टन गेला, त्यानंतर महिन्याभराने एक माणूस वखारीत फळ्या विकायला आला. हातगाडीवर आपलं दार होतं. कापून चार तुकडे केलेलं, पण दार आपलं. मोहोरेचा कागद अजून चिकटलेला. मी काही विचारलं नाही. मग एकटी कोठारावर गेले. पहिल्या तीन कोठारांना दारं नव्हती, चौथ्याचं भिंतीला टेकवून ठेवलेलं, कुलूप जसंच्या तसं. आत भिंतीलगत फळीचे तुकडे ओळीने पडले होते. त्यांच्यावर काही नव्हतं. बाकीची चार अजून भरलेली होती.

बाकीची चार भरलेली होती, ठमे. त्या दिवशी मी परत येऊन कुणालाही सांगितलं असतं, गावातल्या शाळेत उतरलेल्या नव्या तुकडीला, दुभाष्याला, निदान चौकात उभं राहून ओरडले असते, तर चार वाचली असती. मी सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे माझी दारं टिकली नाहीत हे सांगायचं, आणि मग गोळे बाहेर कोणी काढले हे कुणीतरी विचारणार. मी घरी आले. हातगाडीवाल्याकडून दाराची फळी विकत घेतली होती ती रंधायला घेतली.

त्याच सुमारास तू यांचं नाव घरात काढलंस. आणि मला आयता सापडला फाटक उघडं टाकून पळालेला माणूस. मी ते तुला बोलले, शेजारी बोलले, मिस्त्रिणीला बोलले, ज्याला त्याला बोलले. जितक्यांदा बोलायचे तितक्यांदा ती चार कोठारं माझ्या दारापासून लांब जायची. त्यांना मी घरात घेतलं नाही ते ते पळपुटे होते म्हणून नव्हे. ते घरात आले असते तर रोज माझ्यासमोर बसले असते. त्यासाठी मी तुला जाऊ दिलं.

मग कुणी ते गोळे रस्त्यांत पुरून गाड्या उडवायला लागलं. पहिला स्फोट झाला तेव्हा वखारीच्या काचा वाजल्या. मी मिस्त्रीकडे पाहिलं नाही. त्यानेही मान वर केली नाही. पुढचे स्फोट लांब लांब होत गेले, मी समजूत घातली की गोळे दुसरीकडचे असतील. असतीलही. रस्त्याच्या मोरीत ठेवलेला, तुझ्या नवऱ्याच्या गाडीखाली फुटलेला गोळा कुठला होता हे कुणाला ठरवता येणार नाही असं ते स्वतःच म्हणाले.

एवढं सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मी म्हटलं, "तुम्हाला पळपुटा म्हटलं ते मी परत घेते."

"घेऊ नका," ते म्हणाले. "मी पळालोच होतो. आमच्यातला एकजण राहू या म्हणत होता, त्याला आम्ही वेड्यात काढलं. ते माझं आहे. ते माझ्याकडेच राहू द्या. तुम्ही तुमचं बघा."

"तिला सांगाल का?"

"मी निरोप्या नाही. तुम्ही सांगा." मग उशीखालून पेन काढून त्यांनी औषधाच्या पाकिटावर काही लिहिलं आणि माझ्यापुढे धरलं. त्यांच्याबरोबर गाडीत असलेल्या दोघांच्या घरचे पत्ते. "हिच्यानंतर इथे जा. एकाची आई आहे, तिला कमी ऐकू येतं. मोठ्याने सांगावं लागेल."

पाकीट माझ्या पिशवीत आहे. मी जाणार आहे. त्या बाईला मोठ्याने कसं सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही. चौकशी अधिकाऱ्याने मला दिलेली सबब तिच्यापुढे करायची नाही, एवढं ठरवलं आहे.

पण आधी तू. तू क्षमा करावीस म्हणून हे लिहीत नाही, असं लिहिणार होते. ते खोटं ठरेल. मला ती हवी आहे. फक्त ती मिळवायला मी एकही शब्द गाळलेला नाही, एवढंच मला म्हणता येईल.

नर्स हे तुला वरच देईल. वाचून झाल्यावर तुला घरी जायचं असेल. या व्हरांड्यातून बाहेर पडायचा रस्ता माझ्या बाकावरूनच जातो, दुसरा नाही, मी पाहिलं. तुला माझ्याकडे पाहावं लागू नये म्हणून मी भिंतीकडे तोंड करून बसते आहे. तू गेलीस तर पावलांवरून मला कळेल. हाक मारणार नाही.

आई